‘आढळला नाही’ म्हणजे गेला असं नाही

शेजारच्या काकांनी परवा मोठ्या आनंदाने रिपोर्ट दाखवला. ‘एचबीव्ही डीएनए : आढळला नाही.’ म्हणजे हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा (एचबीव्ही) डीएनए रक्तात सापडला नाही. यकृताच्या या संसर्गासाठी ते चार वर्षं रोज टेनोफोविर या विषाणूरोधक औषधाची गोळी घेताहेत. म्हणाले, “आता गोळी बंद करतो. आणि खरं सांगू, मला कावीळ कधी झालीच नव्हती.”

कावीळ न होणं हाच तर या आजाराचा धोका. कावीळ हे लक्षण आहे. रक्तात बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य साठलं की डोळे पिवळे होतात, त्याची कारणं अनेक. दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ए किंवा ई बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरा होतो, आणि श्रेय मिळतं कावीळ उतरवणाऱ्याला. हातांना आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळं होतं. हे निरोगी माणसाच्या हातांनीही होतं, घरी करून पाहा. या खेळात लोकांचे महत्त्वाचे दिवस वाया जातात, याचा मला मनापासून राग येतो.

हिपॅटायटिस बी मात्र डोळे पिवळे न करता वीस-तीस वर्षं यकृतात राहू शकतो आणि एकदम सिऱ्हॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) किंवा कर्करोग म्हणूनच समोर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात हिपॅटायटिस बीचा असा दीर्घकाळचा संसर्ग असलेले सुमारे 2.98 कोटी लोक होते.

तो राहतो कसा? या विषाणूचा डीएनए जेमतेम 3,200 अक्षरांचा. आपला सुमारे 300 कोटींचा. हा डीएनए गोल असतो, पण अर्धवट: एक धागा जवळजवळ पूर्ण, दुसऱ्यात मोठी फट. यकृतपेशीवर पित्ताम्लं आत घेणारं एनटीसीपी नावाचं प्रथिन असतं. विषाणू त्याच दारातून शिरतो, हे 2012 मध्ये बीजिंगमधल्या वेनहुई ली यांच्या गटाने दाखवलं. डीएनए पेशीच्या केंद्रकात पोचला की आपल्याच पेशीतली दुरुस्ती करणारी विकरं (एन्झाइम्स) धावून येतात. तुटका डीएनए दिसला की सांधायचा, हे त्यांचं रोजचं काम. ती फट भरतात, टोकं जोडतात, आणि पक्कं बंद कडं तयार होतं. याला सीसीसीडीएनए म्हणतात. हे कडं आपल्याच हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलं जातं आणि एखाद्या छोट्या गुणसूत्रासारखं तिथे बसतं. शत्रूच्या किल्ल्याची शेवटची वीट आपल्याच गवंड्याने बसवावी, तसं हे आहे.

आता थोडं सावकाश वाचा. या कड्यावरून आरएनएच्या प्रती निघतात. त्यातल्या एका लांब आरएनएवरून विषाणूचं विकर उलट दिशेने पुन्हा डीएनए लिहितं. आरएनएवरून डीएनए, ही उलटी वाट समर्स आणि मेसन यांनी 1982 मध्ये बदकांमधल्या अशाच विषाणूत शोधली. टेनोफोविर नेमकं इथे अडवतं. ते डीएनएच्या अक्षरासारखंच दिसतं, पण त्याला पुढचं अक्षर जोडता येत नाही, म्हणून साखळी तिथेच थांबते. डीएनए भरलेले नवे विषाणू बनत नाहीत, रक्तात काही सापडत नाही. कडं मात्र जागेवरच असतं आणि आरएनए काढतच राहतं.

काकांच्या रिपोर्टचं दुसरं पान उलटलं, तर तिथे ‘एचबीएसएजी : पॉझिटिव्ह’ होतंच. हे विषाणूच्या वेष्टनाचं प्रथिन. यकृत अजून ते बनवतंय.

हिपॅटायटिस सीला असा तळ नाही. तो आरएनए विषाणू, केंद्रकात काही ठेवत नाही. म्हणून सोफोसबुविरसारख्या गोळ्यांच्या साधारण 12 आठवड्यांच्या उपचारांनी 95 टक्क्यांहून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. बीच्या बाबतीत ज्यांचं एचबीएसएजीसुद्धा गेलंय, अशा काहींना पुढे कधी रिटक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं, तर विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. कुठून? त्याच कड्यांतून. ‘यकृत साफ करणाऱ्या’ काढ्यांच्या जाहिराती पाहिल्या की मला हे केंद्रकातलं कडं आठवतं. तिथवर काढा पोचत नाही.

कडं बसूच न देणारी गोष्ट आपल्याकडे आहे: लस. जन्मतः संसर्ग झालेल्या सुमारे 90 टक्के बाळांत तो कायमचा राहतो, निरोगी प्रौढांत 5 टक्क्यांहून कमी. म्हणून पहिला डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यायचा असतो.

काकांना म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका, अचानक थांबवली तर यकृताला जोराची सूज येऊ शकते. मग विचारलं, “तुम्हाला हे लहानपणी आईकडून आलं असेल, तर तुमच्या भावंडांचं काय? कुणी तपासलंय का?” ते गप्प झाले. धाकटा भाऊ साताऱ्याला असतो. त्यालाही कधी कावीळ झालेली नाही. सरकारी हिपॅटायटिस कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते, हे सांगितल्यावर त्यांनी तिथेच बसून त्याला फोन लावला.