सर्दीत केळं खाल्लं की कफ होतो?

"सर्दी झालीये ना, मग केळं नको, दही नको, दूध तर अजिबातच नको" हे आमच्या गिरगावच्या चाळीत दर पावसाळ्यात ऐकू येतं. अहो सर्दी होते व्हायरसमुळे, बहुतेक वेळा रायनोव्हायरस, त्यात बिचाऱ्या केळ्याचा काय संबंध? दूध प्यायल्यावर घशात चिकट वाटतं ते लाळेत मिसळून घट्ट होतं म्हणून, कफ काही जास्त तयार होत नाही, नको वाटलं तर नका पिऊ एवढंच. उपाशी राहून सर्दी पळते हेही खोटं, भूक नसेल तर जबरदस्ती नको पण पाणी, पेज, मऊ भात, टोमॅटोचं सार जे घशाखाली उतरेल ते घ्या. कुळथाच्या पिठीने व्हायरस मरत नाही, घसा मात्र मस्त शेकतो (मला तेवढं पुरतं). मधही चालतो, फक्त १ वर्षाखालच्या बाळाला देऊ नका.