गावरान कोंबडीचा रस्सा (विदर्भ)

विदर्भाच्या खेड्यांत चुलीवर, झाकणबंद गंजात (पातेल्यात), मंद आचेवर शिजवला जाणारा कोंबडीचा तिखट रस्सा. तो ज्वारीची भाकर, भात किंवा मडक्यावर भाजलेल्या लांब पोळीबरोबर खातात. पाहुणे आले की आणि श्रावण संपल्यावर पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, तो अनेक घरांत होतो. खाणावळींतील सावजी रश्शाशी त्याची नेहमी गल्लत केली जाते. मसाल्यात साम्य आहे, पण रीत वेगळी समजावी.

सावजी पाककृतीच्या उगमाविषयी मुख्यतः दोन मते आहेत. एका मतानुसार ती नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आली. दुसरे मत तिचा संबंध सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाशी जोडते. हा समाजही सावजी म्हणवतो आणि सोलापूर, हुबळी, बेळगाव भागांतही आढळतो. दोन्ही समाज परंपरेने विणकर असल्याने वाद सहज मिटणारा नाही. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. गिरणीच्या कापडापुढे हातमाग मागे पडल्यावर काही विणकर कुटुंबांनी खाणावळी काढल्या, असे सांगितले जाते. ही घडामोड शहरातली आणि बहुधा विसाव्या शतकातली. खेड्यातला रस्सा तिच्यातून निघाला असे मानण्यापेक्षा, पक्ष्याचे वय आणि हाताशी असलेले सरपण यांतून ही रीत घडली हे अधिक पटते.

रश्शाचा लाल रंग मात्र फार जुना नसावा. मिरची पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात आली आणि आतल्या मुलखात पोहोचायला तिला आणखी वेळ लागला असणार. त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरे आणि पिंपळी होती. अंजनगाव सुर्जी परिसरात पानपिंपळी आजही पिकते, पण रश्शात आता भिवापुरी मिरचीचेच राज्य आहे.

मंद आचेचे कारण मांसाच्या रचनेत आहे. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत कापणीला येतो. गावरान तलंग (तरुण कोंबडी) पाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येते आणि रश्शासाठी धरला जाणारा कोंबडा बहुधा त्याहून जून असतो. वय वाढते तसे स्नायूंभोवतीच्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे एकमेकांत घट्ट बांधले जातात. सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसला ते आक्रसतात, मांसातले पाणी पिळून निघते आणि मांस वातड लागते. घाईने उतरवलेल्या रश्शाची तक्रार हीच. ८० अंशांच्या पुढे ओलाव्यात बराच वेळ राहिल्यावर कोलॅजेन विरघळून जिलेटिन होते; तंगडी सुटते आणि रश्शाला अंग येते. खळखळ उकळी दिल्यास छातीचे मांस भुसभुशीत होते, तंगडी मात्र तितकीच चिवट राहते. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते म्हणून वेळ वाचतो. जाणत्या बायका तरीही शेवटची पंधरा मिनिटे झाकण काढून तर्री वर येऊ देतात.

फोडणीसाठी चुलीत पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) लावतात. ती भडकून लगेच विझते. कांदा आरात (निखाऱ्यांत) भाजून, सुके खोबरे, धणे, खसखस आणि दगडफूल यांच्यासह पाट्यावर वाटतात. जुन्या घरांत तेल जवसाचे असे. मसाला तेल सोडेपर्यंत परतून कोंबडी घातली की चुलीत बाभळीचा आर ठेवतात. गंजावर पाणी भरलेली ताटली झाकतात: वाफ तिच्या तळाला लागून परत आत ठिबकते आणि वरचे पाणी आपोआप तापते. रस्सा आटला तर तेच ओततात, थंड पाणी कधीच नाही. दाटपणाला भाजलेले ज्वारीचे पीठ, शेवटी सांबार (कोथिंबीर). जून कोंबडा असल्यास दोन-अडीच तास धरावेत.

हेच काम विजेवर करणारे भांडे म्हणजे स्लो कुकर. त्याचे पेटंट अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये मिळाले आणि १९७१ पासून ते तेथे घरोघरी गेले. गावरान कोंबडीला ते मानवते: मंद खुणेवर सहा ते आठ तास. ब्रॉयलर इतका वेळ ठेवल्यास हाडे वेगळी आणि मांसाचा लगदा होतो. त्याला निम्मा वेळ पुरे. भांड्यात परतण्याइतकी आच मिळत नाही, म्हणून मसाला आधी कढईत परतून घ्यावा लागतो. वाफ बाहेर जात नसल्याने पाणी चुलीवरच्यापेक्षा बरेच कमी लागते. झाकण वारंवार उघडू नये.

खेड्यात खरी अडचण लाइट जाण्याची. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून बर्फातली कोंबडी तशीच भांड्यात टाकत नाहीत आणि शिजल्यावर मांसाचा गाभा ७४ अंशांपर्यंत गेलेला असावा लागतो. लाइट गेल्यास गंज लगेच चुलीवर किंवा गॅसवर चढवावा. घरचे वावरात असताना लाइट गेली आणि किती वेळ नव्हती हे कळत नसेल, तर तो रस्सा खाऊ नये.