डाळ मिल कोणाच्या नावावर? संस्था की कंपनी, या पेचाची पार्श्वभूमी

वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, तेव्हापासून विदर्भात गावासाठीचं काम म्हटलं की ‘संस्था’ हाच शब्द तोंडी येतो. पुढे सहकारी जिनिंग-प्रेसिंग, १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी, मग बचत गट. तो इतिहास इथल्या घराघरात ठाऊक आहे. आजचा पेच, म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांनी डाळ मिलसारखा उद्योग काढला तर तो संस्थेच्या नावावर करायचा की कंपनीच्या, हा मात्र २००२ नंतरचा.

२००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात ‘उत्पादक कंपनी’ आली. किमान दहा शेतकरी, एका सभासदाला एकच मत, भागभांडवलावर मर्यादित परतावा आणि ज्याने जितका माल घातला त्या प्रमाणात बोनस. सहकाराचा गाभा तोच, पण सहकार खात्याचा हात नाही. दुसऱ्या बाजूला समाजकार्यासाठीची कलम २५ ची, म्हणजे २०१३ च्या कायद्यातली कलम ८ ची कंपनी, आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या जुन्या संस्था.

इथे सगळा घोळ एका शब्दाने केला आहे. ‘ना नफा ना तोटा’ हे आपल्या कानावर इतकं बसलं आहे की कलम ८ ची कंपनी म्हणजे वर्षाअखेरी हिशोब शून्यावर आणायचा, असं शिकलेली माणसंही समजतात. कायदा तसं म्हणतच नाही. नफा खुशाल मिळवा. तो वाटता येणार नाही, कामातच घालायचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गटाच्या बैठकीत हे समजावणं चाललं होतं, तेव्हा मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, ‘‘नफाच नाई त मंग मशीन बिघडली त पैसे कोठून आनाचे?’’ मला वाटतं, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याच्या पोटात दुसरा: मशीन शेवटी कोणाची? कलम ८ ची कंपनी बंद पडली तर देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटली जात नाही, सर्वसाधारणपणे तशाच दुसऱ्या कंपनीकडे जाते. ज्या बायांनी दहा वर्षं तूर भरडली, त्यांच्या वाट्याला काही नाही. उत्पादक कंपनीत निदान शेअर त्यांच्या नावावर असतो.

प्राप्तिकराने गाठ आणखी आवळली. २००८ च्या अर्थसंकल्पाने ठरवलं की सर्वसाधारण लोकोपयोगी काम करणारी संस्था व्यापार करत असेल तर ती धर्मादाय नाही, म्हणजे तिला करमाफी नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर असा व्यापार कामाच्याच ओघात, एकूण जमेच्या २० टक्क्यांपर्यंत चालू लागला. गरिबांना मदत करणाऱ्या संस्थांना हा नियम लागू नाही. मग विधवा शेतकरी महिलांची डाळ मिल ही गरिबांना मदत की व्यापार? हा वाद वर्षानुवर्षं चालतो आणि तोवर सीएचे बिल वाढत जाते.

त्यात २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं. पैसा गावाकडे आला, पण तो उत्पादक कंपनीच्या हाती देता येत नाही. २०२१ च्या नियमांनी तर १२अ आणि ८०जीची, म्हणजे प्राप्तिकरातल्या सवलतींची, नोंदणी असलेली संस्थाच हवी, असं पक्कं केलं. म्हणून लोक संस्था आणि कंपनी दोन्ही चालवतात: एकाच खोलीत दोन कपाटं, दोन शिक्के, दोन कीर्दी. आमच्याकडे वजनकाटा संस्थेच्या नावावर आला आणि त्यावर तूर मोजली कंपनीची. ऑडिटरने भाडेकरार मागितला. दोन्हीकडे सही करणाऱ्या बाई एकच, त्यामुळे कराराला दुसरी सही कोणाची घ्यायची यावर पंधरा दिवस गेले.

२०२० मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची, म्हणजे बहुतेक उत्पादक कंपन्यांचीच, योजना आणली. व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत, आणि सभासदांनी घातलेल्या भांडवलाइतकीच जोड, माणशी कमाल दोन हजार रुपये. नोंदण्या भराभर झाल्या. पहिल्या तुकडीची तीन वर्षं आता संपली आहेत, आणि व्यवस्थापकाचा पगार कशातून द्यायचा म्हणून काही संचालक मंडळं, मोठ्या कंपन्यांचा तो सामाजिक कामाचा पैसा तरी घेता यावा यासाठी, कलम ८ चे कागद करून घ्यायला पुन्हा नागपूरच्या फेऱ्या मारत आहेत.