इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल

मोटार घसरू लागताच एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून तिला मार्गावर ठेवणारी यंत्रणा. थोडक्यात ईएससी, ईएसपी या व्यापारी नावानेही ती ओळखली जाते.

चालकाला कुठे वळायचे आहे, हे स्टिअरिंगच्या कोनावरून कळते. गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे, हे चाकांचा वेग, आडवे त्वरण आणि गाडीचे स्वतःभोवती फिरणे मोजणारे सेन्सर सांगतात. दोन्हींचा मेळ बसेना की यंत्रणा जागी होते. ओल्या वळणावर गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाऊ लागली, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो. गाडी न वळता सरळच निघाली, तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला. गरज पडल्यास इंजिनाचा जोरही उतरवला जातो. ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा चालकाने ब्रेक दाबल्यावर कामाला लागते. इथे त्याचा पाय पेडलवर नसला तरी चालते. त्याला दिसतो तो डॅशबोर्डवर लुकलुकणारा, घसरत्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा.

बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी १९९५ मध्ये ही यंत्रणा बाजारात आणली, ती अर्थातच महागड्या गाडीत. छोट्या गाड्यांकडे ती वळली एका फजितीमुळे. १९९७ मध्ये स्वीडनमधील एका नियतकालिकाने घेतलेल्या, अचानक आलेला अडथळा चुकवण्याच्या चाचणीत मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास उलटली. कंपनीने विक्री थांबवली आणि त्या मॉडेलच्या सर्व गाड्यांत ईएसपी बसवली.

मात्र खरा फरक पडला तो सक्तीमुळे. अमेरिकेने २००७ मध्ये नियम केला. त्या वेळच्या सरकारी अंदाजानुसार दुसऱ्या वाहनाशी टक्कर न होता घडणारे अपघात मोटारींमध्ये ३४ टक्क्यांनी, तर उंच एसयूव्हींमध्ये तब्बल ५९ टक्क्यांनी कमी होणार होते. उंच गाड्या पलटी होतात जास्त, म्हणून त्यांना फायदाही जास्त. सर्व हलक्या वाहनांत अंमलबजावणी झाल्यावर वर्षाला ५,३०० ते ९,६०० जीव वाचतील, असा अंदाज होता. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ईएससी सक्तीची झाली.

टायर गुळगुळीत झाले असतील किंवा वेग वळणाला झेपणारा नसेल, तर ही यंत्रणाही हतबल ठरते. पकड शेवटी रबराचीच.

भारतात २०२३ मध्ये सुरू झालेल्या, मोटारींची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या भारत एनकॅप या कार्यक्रमात चांगले तारांकन मिळवण्यासाठी ईएससी लागते. तथापि २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर मेलेल्या १,६८,४९१ जणांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि त्यांच्या वाहनात ही यंत्रणा नसते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस पुरेशी मानली गेली.