बैठक क्रमांक ते ‘प्रोफाइल’

आठवीतल्या मुलीचं ‘प्रोफाइल’ बांधायला कौन्सेलर लावायचा, असं वीस वर्षांपूर्वी पार्ल्या-दादरच्या मराठी घरात कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. आता फी किती, एवढंच विचारतात. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात जायचं तर नुसते गुण पुरत नाहीत, चारचौघांत उठून दिसावं लागतं, हे सगळ्यांना पाठ झालंय.

मुंबईचा पिंड गुणपत्रिकेचा. १८५७ मध्ये इथे विद्यापीठ आलं, मॅट्रिकची परीक्षा आली आणि दार उघडायचं ते गुणांनीच, हे ठरून गेलं. त्यात घोकंपट्टी होती, कबूल. पण बैठक क्रमांकाला आडनाव नसतं, आणि ज्यांच्या घरात आधी कुणी शिकलेलं नव्हतं त्यांना याचंच मोल होतं. एक अपवाद सांगायलाच हवा. १८८३ मध्ये कल्याणच्या घरातली अठरा वर्षांची सून, आनंदीबाई जोशी, डॉक्टर व्हायला पेनसिल्व्हेनियाला गेली. तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रात तिने सरळ कबूल केलं की आपण प्रवेशाच्या सगळ्या अटींत बसत नाही. आणि मग, जातवाल्यांचा विरोध पत्करून इतक्या लांब कशासाठी आलो, ते मांडलं. प्रवेश मिळाला. आजच्या भाषेत तो एसओपीच, म्हणजे इथे का शिकायचंय हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध, फक्त पैसे घेऊन तपासून देणारं कुणी नव्हतं.

खरा गुंता ‘होलिस्टिक’ या शब्दाचा आहे. नुसते गुण नाही, अख्खा माणूस पाहून निवड करायची, त्या पद्धतीचं हे नाव. मराठीत आपण त्याचं ‘सर्वांगीण’ केलं आणि तो प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखा सोज्वळ होऊन बसला. अमेरिकेत त्याची कूळकथा सोज्वळ नाही. हार्वर्डमध्ये १९०० च्या सुमारास ज्यू विद्यार्थी ७ टक्क्यांच्या आसपास होते. १९२२ पर्यंत ते २१ टक्क्यांवर गेले. परीक्षा देऊन, रीतसर. त्यांची संख्या बांधून टाकावी असा प्रस्ताव तेव्हाच्या अध्यक्षांनी आणला. उघड कोटा लोकांना पचला नाही, तेव्हा अर्जाचा फॉर्म बदलला. वंश कोणता, धर्म कोणता, आईचं माहेरचं आडनाव काय, वडिलांनी नाव बदललं असेल तर का? (आडनावावरून माणूस ओळखायची सवय असलेल्या आपल्या लोकांना यातली मेख समजावून सांगायला नको.) १९२६ मध्ये एकूण जागा मर्यादित केल्या आणि निवडीत ‘चारित्र्य’, व्यक्तिमत्त्व यांना वजन दिलं. चारित्र्य मोजायची पट्टी कुणाकडेच नव्हती, आणि नेमका तोच या अटीचा उपयोग होता.

पुढे याच पद्धतीने काहींसाठी दार उघडलंही. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा नाकारल्या, मात्र वंश हा अनेकांपैकी एक मुद्दा म्हणून पाहायला मुभा दिली. जून २०२३ मध्ये तीही गेली. अर्जदार आपला अनुभव निबंधात लिहू शकतो, एवढी फट तेवढी ठेवली. निबंधावरचा भार त्यामुळे आणखी वाढला.

इकडे मुंबईत गुण स्वतःच्याच वजनाने वाकत होते. अकरावीच्या जागांवरून एसएससी विरुद्ध इतर बोर्ड अशी भांडणं कोर्टात गेली. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ २०१० मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केलं आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलं. सहापैकी उत्तम पाच विषय धरले की टक्के चढणारच. त्यावर इंटरमिजिएट चित्रकलेची श्रेणी, खेळाचे वाढीव गुण. म्हणजे छंद होता तोही आपण गुणांतच मोडला! पदवीला एनएसएसचं तेच: तास भरा, दहा गुण घ्या. ‘प्रोफाइल’ आलं तेव्हा मुंबईकर पालकाने त्याच्याकडे याच नजरेने पाहिलं, यात नवल नाही. धारावीत चार शनिवार शिकवलं की प्रमाणपत्र, उन्हाळ्यात ‘रिसर्च पेपर’, दिवाळीत स्वतःची संस्था.

२०२० च्या साथीत परीक्षा केंद्रं बंद पडली आणि बहुतेक नामवंत विद्यापीठांनी सॅट ही प्रवेशासाठीची परीक्षा ऐच्छिक केली. एमआयटीने २०२२ मध्ये ती परत सक्तीची केली. डार्टमाउथ, येल, ब्राउन आणि हार्वर्डने २०२४ मध्ये परीक्षेच्या गुणांची अट पुन्हा आणली. त्यांचं एक कारण गरीब मुलांच्या पालकांनी ऐकण्यासारखं आहे: साध्या शाळेतल्या हुशार मुलाला आपली हुशारी दाखवायला परीक्षेचा आकडाच जास्त उपयोगी पडतो. शंभर वर्षांची फेरी मारून गोष्ट बैठक क्रमांकापाशी आली. मधल्या चार वर्षांत सॅटचा क्लास सोडून पोर्टफोलिओवर खर्च केलेल्या पालकांना परत क्लास शोधावा लागला, ते वेगळंच.

आणि एक शब्द इथल्या चर्चेत हळू आवाजात येतो: ‘नीड-ब्लाइंड’. निवड करताना घरची ऐपत बघायची नाही, असा त्याचा अर्थ. परदेशी विद्यार्थ्यांना हा नियम लावणारी अमेरिकी विद्यापीठं मोजकीच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी त्यांत येतात. बाकी बऱ्याच ठिकाणी आर्थिक मदत मागितली की निवडीची शक्यता घटते. म्हणून डोंबिवलीच्या दोन खोल्यांतला मुलगा रात्री निबंधाचे साडेसहाशे शब्द घासूनपुसून झाल्यावर ‘मदत हवी आहे का’ या प्रश्नावर येऊन अडतो, आणि त्याचे वडील पीएफचं पासबुक काढून बसतात.