विरळणी, साग आणि ‘जखम भरली’ची गल्लत

पेठ-सुरगाण्याकडच्या सागवनात विरळणीसाठी, म्हणजे दाटीतली काही झाडं तोडण्यासाठी, झाडांवर खुणा पडल्या की चर्चा होते ती किती झाडं जाणार याची. मागे उरणाऱ्या झाडांच्या बुंध्यांवर झालेल्या जखमांकडे कोणी वळून पाहत नाही.

विरळणीची ही रीत ब्रिटिश काळातली, हिशेब इमारती लाकडाचा. गर्दी मोडली की उरलेला साग जाड होतो. पण जखमेतून लाकडात सड शिरते. लाकूड सडतं म्हणून बुरशी येते, असा पूर्वीचा समज होता. तो जर्मनीत १८७० च्या दशकात खोडून निघाला. सडवते ती बुरशीच.

पण झाडाची ‘जखम भरली’ या शब्दांनी घातलेला घोळ आजही मिटलेला नाही. आपली कातडी भरून येते, तसं मेलेलं लाकूड पुन्हा जिवंत होत नाही. कडेकडेने कॅलस, म्हणजे नव्या पेशींचा उंचवटा, वाढतो आणि वरून झाकण बसतं, इतकंच. आत झाड सडीभोवती बांध घालतं. १९७७ मध्ये अमेरिकेत हे चार भिंतींच्या रूपात मांडलं गेलं. खोडात वर-खाली जाणारी सड अडवणारी भिंत सगळ्यांत कच्ची. जुनं लाकूड आणि जखमेनंतर वाढलेलं लाकूड यांच्यामधली सगळ्यांत पक्की. द्राक्षबागेत गर्डलिंग करणाऱ्यांना, म्हणजे खोडाभोवतीची सालीची पट्टी काढणाऱ्यांना, सालीचा पट्टा काही आठवड्यांत जुळलेला दिसतो, पण तिथे लाकडाला धक्का लागलेला नसतो. तोच अनुभव सागाला लावणं चूक आहे.

विरळणीने उजेड-पाणी वाढतं, वलयं रुंद होतात, झाकण लवकर बसतं. लहान जखमेला याचा खरोखर फायदा होतो. मोठी जखम मात्र वर्षानुवर्षं उघडी राहते आणि तोवर सड पुढे गेलेली असते. तशा जखमा विरळणीच करते: पडणारं झाड शेजारच्याला घासतं, ओंडका ओढताना बुंध्याची साल निघते. वाढीच्या दिवसांत साल सैल असते, तेव्हा ती हातभर सोलली जाते. डांबर फासून सड थांबत नाही, हेही नंतरच्या प्रयोगांत दिसलं. तरी फासणं चालूच आहे. जुन्या खुंटावरच्या फुटव्यांत तर सड खुंटातूनच वर चढते. जादा फुटवे कोवळे असताना काढले तर घाव लहान राहतो, आणि माझ्या मते सगळा भर तिथेच हवा.

पुढच्या तोडीत अशा खोडाच्या कापावर तपकिरी डाग दिसतो. त्याची बाहेरची कड एका वलयावर थांबलेली असते. तिथून सालीपर्यंत वलयं मोजली की घाव किती वर्षांपूर्वीचा, ते कळतं.