प्रोसेसर तोच, मग दुप्पट पैसे कशाचे?

“दोन्हीत आय-फाइव्हच आहे, १६ जीबी रॅम आहे, एसएसडी तेवढीच. मग दुप्पट पैसे फक्त नावाचेच ना?” नागपुरात बर्डीच्या बाजारात लॅपटॉप घ्यायला गेलं की हे वाक्य ऐकू येतंच, आणि सोबत आलेला जाणकार भाऊ मान डोलावतो.

स्वस्त लॅपटॉप सगळ्यांनी वापरलाय, त्याचं वर्णन नको. महागाची धातूची बॉडी, पातळपणा, उजळणारा कीबोर्ड हा आवडीचा भाग. स्क्रीनचा फरक खरा असतो, २५० निट्सच्या (निट्स म्हणजे उजेडाचं माप) फिक्या पॅनलवर दिवसा खिडकीजवळ काम करवत नाही. पण तो दुकानात डोळ्यांना दिसतो, तिथे सहसा कुणी फसत नाही.

फसतात ते वेगात. इंटेलचा आय-फाइव्ह १२३५यू हा प्रोसेसर घ्या. वीज खायची त्याची मूळ मर्यादा १५ वॉट, थोड्या वेळापुरती ५५ वॉटपर्यंत. जास्त वॉट म्हणजे जास्त वेग, पण उष्णताही तेवढीच जास्त. या दोन आकड्यांच्या मध्ये तो कुठे स्थिरावणार, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. पंखा केवढा, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या किती, हवेला वाट किती, यावर ते अवलंबून असतं. डब्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. ब्राउझर उघडायला दोन्ही लॅपटॉप सारखेच चपळ वाटतात. लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावा. पहिली काही मिनिटं दोन्ही जोडीने धावतात, मग स्वस्ताचा पंखा किंचाळायला लागतो आणि वेग उतरतो तो काम संपेपर्यंत वर येत नाही.

नागपुरात हा फरक आणखी वाढतो. ही चिप १०० अंशांजवळ पोचली की स्वतःला आवरते. बाहेर पडणारी उष्णता ढोबळमानाने चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. खोली २५ अंशांवर असेल तर हा फरक ७५, मे महिन्यात खोली ४० वर गेली की ६०. म्हणजे सरळ २० टक्के घट. एरवी २० वॉट पेलणारा लॅपटॉप १६ वर येतो, ३५ पेलणारा २८ वर. दुसऱ्याचं काम तरीही अडत नाही. जास्तीचे पैसे या शिलकीचे असतात. म्हणूनच एसी लावलेल्या दुकानात दोन मिनिटं चालवून दाखवलेल्या डेमोला मी काडीची किंमत देत नाही.

ॲपलने २०२० मध्ये एकच एम-वन चिप मॅकबुक एअर आणि १३ इंची प्रो, दोन्हीत बसवली. एअरमध्ये पंखा नाही, प्रोमध्ये आहे. लांबलचक कामात प्रो टिकतो, एअर मंदावतो. मॅकबुक वापरायची वरची मर्यादा ॲपल स्वतः ३५ अंश सांगतं, त्यामुळे एसी नसलेल्या घरात एडिटिंगसाठी एअर घेऊ नका, कितीही महाग असला तरी. ग्राफिक्स कार्डातही हाच घोळ. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कुठे ३५ वॉटवर चालतं, कुठे ११५ वर, आणि स्टिकर दोन्हीवर तोच!

टॅली, एक्सेल आणि ऑनलाइन क्लास एवढंच असेल तर खुशाल स्वस्त घ्या, मात्र रॅम पुढे वाढवता येते का ते पाहून. रोज तासन्‌तास रेंडरिंग किंवा कोडिंग असेल तर त्याच मॉडेलचा असा रिव्ह्यू शोधा, ज्यात सिनेबेंच आर-२३ ही प्रोसेसरचा कस पाहणारी चाचणी दहा मिनिटं सलग चालवून शेवटी किती वॉट टिकले ते दिलंय. आय-सेव्हनचा मोह सोडून मी तर तो आकडा बघूनच पैसे देतो.